उन्हात चढलेला सूर

दादा,

तू गेल्यावर विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं, त्यात अकरा जण बोलले. मी मोजले, कारण त्या दिवशी मला दुसरं काही करता येत नव्हतं. अकराही जण म्हणाले की तू सुराचा पक्का होतास, शिस्तीचा होतास, आणि फौजेतून परत आल्यावर पांढरकवड्याच्या बायकांच्या हातात तू बाजा दिलास. हे सगळं खरं आहे. एक जण म्हणाला की तू बायकांना पुढं आणलंस. तेही खरं असेल. मला मात्र तू भर चौकात ओळीतून बाहेर काढलंस, आणि नंतर आठ महिने त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस. हे कोणी बोललं नाही. बोलायची ती जागाही नव्हती. म्हणून इथं लिहिते.

तुझा जन्म, तुझी नोकरी, तुला काय झालं आणि किती वाजता झालं, हे मी लिहिणार नाही. ते आता गल्लीतल्या पोरांनासुद्धा पाठ आहे. माझं तुझ्याशी भांडण बाकी आहे, तेवढंच लिहिते.

सुरुवात तूच केलीस. विहारातल्या महिला मंडळानं जयंतीच्या फेरीसाठी स्वतःचं बँड पथक काढायचं ठरवलं, तेव्हा शिकवायला तू उभा राहिलास. फौजेच्या बँडमध्ये उभी हयात फ्रेंच हॉर्न वाजवलेला माणूस आमच्या तालुक्यात दुसरा कुठून असणार? कोणाला तू कॉर्नेट दिलंस, कोणाला क्लॅरिनेट, माझ्या शेजारच्या कलाबाईला मोठा ढोल. शेवटी मी उरले. तू तुझ्याकडचा दुसरा हॉर्न जुन्या चादरीतून सोडवलास आणि माझ्या मांडीवर ठेवलास. गोल गोल वळणं घेत गेलेली ती पितळी नळी पाहून कलाबाई म्हणाली, "शोभाबाईले जिलेबी भेटली." पथकात त्याचं नाव जिलेबीच पडलं. तुझ्यासमोर कोणी म्हणत नसे, पण तुला माहीत होतं.

मी विचारलं, मलाच हा का? तू म्हणालास, "हा बाजा अवघड हाये. याच्यात सूर इतके जवळजवळ बसते का एकाले धरायले जावं तं शेजारचाच उठते. तू मोजणारी हायेस. तुले धीर हाये."

तू माझं कौतुक केलेलं मला आयुष्यात एवढंच आठवतं. त्या दोन वाक्यांवर मी वर्ष काढलं.

मोजणारी म्हणालास, कारण मी जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसते. कापसाची गाडी भरलेली येते, रिकामी जाते, मधला फरक तो कापूस. गाडी कोणाची आहे हे काट्याला कळत नाही, आणि कळू नयेच. माझा स्वभावच तसा झालाय असं घरचे म्हणतात. माझ्या लहानपणी तू सुट्टीवर यायचास, ओठ फुर्रफुर्र वाजवून मला हसवायचास, तेव्हाही मी म्हणे तुला विचारायची की एका श्वासात किती वेळ वाजतं. हे तूच सांगायचास, सगळ्यांसमोर, हसत. पन्नाशीला आलेल्या बहिणीची टिंगल करायला तुला ते पुरायचं.

आधी कितीतरी दिवस तू हॉर्नला हात लावू दिला नाहीस. मला सतरंजीवर उताणं झोपवून पोटावर तुरीच्या डाळीची किलोची पुडी ठेवायला लावलीस. श्वास घेतला की पुडी वर गेली पाहिजे, छाती आणि खांदे जागचे हलता कामा नयेत. माझे मिस्टर मनोहर दारातून पाहून म्हणाले की आमच्याकडं डाळ शिजवायची पद्धत आहे. तू त्यांच्याकडं पाहिलंही नाहीस. मग नुसतं माउथपीस दिलंस. ओठ मिटायचे आणि त्यात भुणभुण करायची. हायवेवरून ट्रक दूर जाताना त्याचा आवाज कसा हळूहळू खाली उतरतो, तसा ओठांचा आवाज वरून खाली आणायचा, मध्ये कुठं तुटू द्यायचा नाही. जिथं तुटला तिथं ओठ झोपला, असं तू म्हणायचास. घर हायवेपासून जवळ असल्यामुळं नमुन्याला ट्रक कमी पडत नव्हते.

मग हॉर्न. आणि लांब सूर. एकच सूर, मधला सा. सुरुवात थुंकल्यासारखी नको, दार ढकलल्यासारखी नको. हलकेच सुरू करायचा, आठ मोजेपर्यंत फुलवायचा, आठ मोजेपर्यंत परत मिटवायचा. फुलताना तो वर सरकतो, मिटताना खाली बसतो. तसं होऊ द्यायचं नाही. आवाज मोठा झाला तरी सूर जागेवरच पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. माझे पहिले तीन महिने त्यात गेले. मनोहर म्हणायचे, म्हैस हरवल्यासारखं वाटतं, रोज एकच हाक.

सूर संपला की तू एकच शब्द म्हणायचास. "पुन्हा."

चुकला तरी पुन्हा. बरोबर आला तरी पुन्हा. एकदा मी वैतागून म्हणाले, बरोबर होता की चूक, तेवढं तरी सांगत जा. तू म्हणालास, "बरोबर असन तं तुलेच समजन." आणि नाही समजलं तर? "तं नव्हता."

तुला हे फार हुशारीचं वाटलं असेल. मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. शिकणाऱ्याला कधीतरी 'हो' ऐकावं लागतं, दादा. फौजेत तुला कोणी म्हणालं नसेल, म्हणून तू आम्हाला म्हणायचं नाही, हा कुठला न्याय?

तरी एक गोष्ट मान्य करते. मोबाइलवर तंबोरा लावून तू मला त्याच्यासोबत सूर धरायला शिकवलंस, त्याला तोड नाही. सूर थोडा जरी इकडंतिकडं असला की दोन आवाजांत थरथर उठते, पाण्यावर लाटा उठतात तशी. जवळ जावं तसतशा लाटा संथ होतात, आणि अगदी एकाला एक मिळाला की पाणी थांबतं. पहिल्यांदा ते पाणी थांबलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. डोळे उघडले तर तू भिंतीकडं पाहत होतास. "पुन्हा," म्हणालास.

मी त्या लाटा मोजायची. एका सेकंदाला तीन, मग दोन, मग एक. तुला ते आवडायचं नाही. त्यात मी मोबाइलवर सूर मोजायचं ॲप घेतलं. काटा मध्ये उभा राहिला की सूर बरोबर, उजवीकडं गेला की चढा, डावीकडं गेला की उतरता. ते पाहून तुझं डोकंच फिरलं.

"तू डोयानं वाजवून राह्यली."

"कानाले आज एक वाटते, उद्या एक. काट्याले तसं होत नाही."

"काट्याच्या बाजूले बसून कोनी वाजवत नाही वं. मानसाच्या बाजूले बसून वाजवा लागते."

हे भांडण आपण किती वेळा भांडलो. मला वाटतं आपल्या दोघांनाही ते आवडायचं. सुनंदावहिनी चहा ठेवून जायच्या, तो गार व्हायचा. तुझं म्हणणं चूक नव्हतं, माझंही नव्हतं, आणि शेवट करायची कोणालाच घाई नव्हती. आता वाटतं, करायला हवा होता.

आणखी एक नियम तू घातला होतास, तो मुद्दाम लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. हॉर्नचं तोंड मागच्या बाजूला असतं आणि वाजवणाऱ्याचा उजवा हात त्या तोंडात असतो, ओंजळीत पाणी धरल्यासारखा. हात थोडा आत घेतला की सूर उतरतो, थोडा उघडला की चढतो. म्हणजे चुकलेला सूर क्षणात हातानं सावरता येतो. तुम्ही मुरलेले वाजवणारे ते सारखं करता. मला तू बंदी केलीस. "हातानं सूर झाकायचा नाही. पयलं वर्ष ओठ आन कान. हात जागेवर." मी ऐकलं. तू सांगितलेलं मी सगळंच ऐकत होते, त्यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

बाकीच्या बायका दोन-तीन महिन्यांत धून वाजवायला लागल्या. कॉर्नेटवाल्या वंदनेची चाल वाजवायच्या, क्लॅरिनेटवाल्या त्यांच्यामागून. मी कोपऱ्यात लांब सूर. कलाबाई विचारायची, "जिलेबी अजून पाकातच हाये का?" जयंतीच्या फेरीसाठी तू मला चालीखाली चार लांब सूर दिलेस. चारच. मी तक्रार केली नाही. ते चार सूर मी इतके घासले की मनोहर आंघोळ करताना गुणगुणायला लागले.

फेरी सकाळी नऊला निघणार होती. आपण आठलाच विहारात जमलो. सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. वाद्यं कीबोर्डाला जुळवायची होती, कारण तो पिकअपवर ठेवून फेरीभर सोबत वाजणार होता. विहारात मोठा कुलर लावलेला, वाळ्याच्या ताट्या नव्या, आत पाहुण्यांसाठी थंडगार केलेलं. मी तेव्हाच म्हणाले, बाहेर जुळवू. मी वजनकाट्यावर बसते, दादा. काटा जिथं वजन करायचं तिथंच शून्यावर आणतात. सावलीत शून्य केलेला काटा उन्हात शून्य राहत नाही. तू म्हणालास, "कीबोर्डाले बाहेर लाइट कुठं हाये? जनरेटर येईन तवा येईन." हेही खरं होतं. जनरेटर आला नव्हता. आपण कुलरसमोर उभं राहून एकेक बाजा जुळवला. माझा काटा बरोबर मध्ये होता. मी पाहिलं, तूही चोरून पाहिलंस.

पाहुणे उशिरा आले. फेरी निघाली साडेअकराला. एप्रिलातल्या पांढरकवड्याचं साडेअकराचं ऊन कोणाला सांगायला नको. हातातलं पितळ तापून तव्यासारखं झालं होतं. आणि पितळी बाजा तापला, आतली हवा तापली, की त्याचा सूर चढतो. सगळ्यांचा चढतो. पिकअपवरचा कीबोर्ड मात्र आपल्या जागी असतो, त्याला ऊन लागो की पाणी.

पहिल्या चौकात थांबून आपण वंदना वाजवली. माझा पहिला सूर लागला आणि मला लाटा ऐकू आल्या. तूच शिकवल्या होत्यास त्या ऐकायला. जलद, थरथरत्या. मला माहीत होतं की हात जरासा आत घेतला तर त्या थांबतील. मी हात जागेवर ठेवला, कारण तू सांगितलं होतंस. दुसरा सूर. तिसऱ्याला तू हात वर केलास आणि पथक थांबवलंस.

"शोभे, तू बाहेर हो."

"काहून?"

"सूर चढला तुहा. ओठ आवयून राह्यली."

"दादा, उन्हानं सारेच..."

"बाहेर हो म्हनलं."

चौकात सरबत वाटणाऱ्या पोरींपासून ते मनोहरपर्यंत सगळे पाहत होते. मी बाहेर झाले. तू माझ्या जागेवर कोणाला सरकवलं नाहीस. तेवढी जागा मोकळी ठेवून पथक पुढं नेलंस, आणि फेरी संपेपर्यंत ओळीत ते भोक तसंच चाललं. मी कडेनं चालत होते, त्याच पांढऱ्या साडीत, काखेत तापलेला हॉर्न घेऊन. जो पाहील त्याला कळत होतं की ती जागा कोणाची आहे. नुसतं कोणाला सरकवलं असतंस तर बरं झालं असतं.

तीन शब्द होते, दादा. 'हात आत घे.' एवढं म्हणाला असतास तर माझा सूर उतरला असता, फेरी पुढं गेली असती, आणि मी हे लिहीत बसले नसते. तीस वर्षं तू दुसऱ्याच्या फेऱ्यांत उन्हातान्हात वाजवलंस. तुला हे माहीत नव्हतं असं मी मानणार नाही.

कलाबाई ढोल घेऊन माझ्या मागच्या ओळीत होती. हॉर्नचं तोंड मागं असल्यामुळं माझा आवाज सगळ्यात जास्त तिलाच यायचा. संध्याकाळी ती घरी आली, पायऱ्यांवर बसली. म्हणाली, "मले तं सारेच चढलेले वाटले. त्या बाया टुणटुण वाजवून सुटून जाते. तू एकाच सुराले धरून बसतं. लांब सूर लपते कुठं?" मग म्हणाली, "पन म्या असं म्हनलं हे तुह्या भावाले सांगू नको म्हनजे झालं. ढोल हिसकून घेईन तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉर्न घेऊन आधी खोलीत कुलरसमोर वाजवला. काटा मध्ये. मग गच्चीवर गेले, बाजा तापू दिला, तोच सूर तसाच वाजवला. काटा उजवीकडं, दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराच्या पाव भागापेक्षा जास्त. तीनदा केलं, तीनदा तेच. तेवढा फरक तंबोऱ्यासोबत ठेवला तर लहान मूलही कान झाकेल.

पण एक गोष्ट मी प्रामाणिकपणे लिहिते. चौकात त्या क्षणी माझा सूर किती चढला होता, तो आकडा कोणाकडंच नाही. कोणी मोजला नाही. त्यातला काही उन्हाचा होता, काही घाबरून आवळलेल्या ओठांचा असेलही. किती कशाचा, हे आता वेगळं करता येत नाही. तू नाहीस म्हणून काटा माझ्या बाजूला झुकवणं मला जमणार नाही. माझ्या मनात होतं की पुढच्या एप्रिलात तुला त्याच चौकात साडेअकराला उभं करायचं, दोघांनी दोन हॉर्न घ्यायचे आणि पाहायचं. तू थंडीत गेलास.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हॉर्न चादरीत गुंडाळून तुझ्या ओट्यावर आणला. तू चहा पीत होतास. मी म्हणाले, "दादा, म्या मोजलं, उन्हात तो..." तू म्हणालास, "ठेव." मी पुन्हा सुरू केलं. तू म्हणालास, "ठेव म्हनलं." मी ठेवला.

माउथपीस मात्र ठेवलं नाही. ते माझ्या पर्समध्येच राहिलं. तू फौजी माणूस, एकेक स्क्रू जागेवर आहे की नाही पाहणारा. चादर सोडवताच तुला कळलं असणार. तू मागितलं नाहीस. मी दिलं नाही.

त्यानंतर आपण बोलत नव्हतो असं नाही. तुझा गुडघा, माझ्या मुलीची परीक्षा, तुरीवर पडलेली अळी, सिलिंडर, सगळं बोललो. दर आठवड्याला. फक्त त्या एका गोष्टीला वळसा घालून. दोन घरांत मिळून तो एक पूर्ण बाजा होता, अर्धा तुझ्याकडं, अर्धा माझ्याकडं, आणि आपण तुरीवरच्या अळीबद्दल बोलत होतो.

कापसाचा हंगाम सुरू झाला. मी काट्याच्या केबिनमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये माउथपीस काढून भुणभुण करायची. ड्रायव्हर खिडकीतून डोकावून विचारायचे, "मॅडम, मधमाशी घुसली का आत?" एक जण दर फेरीला फडकं हलवून तिला हाकलायचं नाटक करायचा. मी हसायची. वरून खाली, न तोडता. ओठ झोपू दिला नाही. कशासाठी, ते मला विचारू नकोस.

आणि तू एकदा आलास. नोव्हेंबर होता, ऊन अजून चांगलंच होतं. केबिनमध्ये खुर्चीवर बसलास, चहा घेतलास, तीन गाड्या वजन होऊन गेल्या तरी उठला नाहीस. मला वाटलं आता बोलशील. शेवटी म्हणालास, "तुहा काटा उन्हात हालते का वं?"

मी म्हणाले, "हालते. म्हनून तं उन्हातच शून्यावर आना लागते."

"हं," म्हणालास. कप ठेवलास आणि गेलास.

तेव्हा मला काही कळलं नाही. कळलं ते तू गेल्यावर. भेटायला येणाऱ्यांची ये-जा कमी झाली तेव्हा सुनंदावहिनी आणि मी आत कपडे आवरत होतो. कपाटाच्या तळाशी मी परत केलेला हॉर्न निघाला. चकाकत होता. वहिनी म्हणाल्या की तू दर रविवारी त्याच्या वाल्वला तेल घालायचास, पुसायचास, परत गुंडाळून ठेवायचास. वाजवला एकदाही नाहीस. तुझ्याकडं तुझं माउथपीस होतं, ते त्याला लावता आलं असतं. लावलं नाहीस. मग त्या सहज म्हणून बोलून गेल्या.

"मे महिन्यात तं ह्यायचं डोकंच फिरलं होतं. भर दुपारी आपला हॉर्न घेऊन अंगनात उभे राहे, एकच सूर वाजवे. मंग आत कुलरपाशी येऊन तोच. पुन्हा अंगनात. म्या म्हनलं, लोकं हासतीन. तं म्हने, शोभीचं खरं हाये का पाहून राह्यलो."

मी विचारलं, मग काय निघालं?

"मले नाही सांगतलं. हासले थोडेसे. म्हने, हे आता तिले सांगा लागन."

मी हातातली घडी घालून पूर्ण केली. वहिनींना काही म्हणाले नाही. त्यांच्या दुःखात माझं भांडण कशाला?

पण तुला म्हणते. तुला मे महिन्यातच कळलं होतं. मे ते डिसेंबर आपण दर आठवड्याला भेटत होतो. तुझ्या ओट्यावरून माझं दार दिसतं. तेल घालायला तुझा हात उठत होता, आणि 'तुझं खरं होतं' म्हणायला तोंड उघडत नव्हतं. केबिनमध्ये येऊन तू काट्याबद्दल विचारलंस, ती माफी होती का? असेल तर ती वजनात कमी भरली, दादा. चौकात तू मला चारशे माणसांसमोर काढलंस. केबिनमध्ये आपण दोघंच होतो, आणि तिथंही तू माझं नाव न घेता माझ्या काट्याची चौकशी केलीस.

मला मोठा भाऊ हवा होता तेव्हा तू उस्ताद झालास. उस्तादानं सांगायचं तेव्हा मोठा भाऊ होऊन गप्प बसलास. दोन्हीकडून तुझंच चाललं.

आणि तरी हे लिहिताना मी ताठ बसले आहे, खांदे खाली सोडून, पोटातून श्वास घेत, तू शिकवलास तसा. केबिनच्या खिडकीशी ड्रायव्हर वजनावरून ओरडायला लागला की मी आता आवाज चढवत नाही. एकाच पट्टीत, शेवटपर्यंत. तो आपोआप उतरतो. दमले की आधी मोठा श्वास सोडते, मग घेते. हे सगळं तुझं आहे. तुझ्यावर चिडायचं तरी श्वास तुझ्याच पद्धतीनं घ्यावा लागतो, ही माझी अडचण आहे.

पुण्यानुमोदनाच्या सकाळी वहिनींनी हॉर्न माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तू वाजव वं काहीतरी. त्यायले बरं वाटन." मी नाही म्हणणार होते. मग पर्समधलं माउथपीस काढून लावलं. आठ महिन्यांनी ते आपल्या जागी बसलं. वहिनींनी ते पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्या दिवशी थंडी कडक होती. थंडीत सूर उतरतो. मी भाषणं सुरू असताना अधूनमधून विहाराच्या मागच्या अंगणात उन्हाला जायची आणि हॉर्नमध्ये आवाज न करता नुसती फुंकर घालायची, तू शिकवली होतीस तशी, बाजा आतून गरम होईपर्यंत. भिंतीपलीकडून तुझी स्तुती ऐकू येत होती. शिस्त, सूर, समाजासाठी तळमळ. मी फुंकत होते.

अकरावा माणूस बसल्यावर कार्यक्रम चालवणाऱ्या सरांनी माझं नाव घेतलं. म्हणाले, भगिनी आता आपल्या गुरूला सुरांची आदरांजली वाहतील. मी उभी राहिले. समोर टेबलावर फुलं, मेणबत्त्या, आणि तुझा बँडच्या गणवेशातला फोटो. ॲप लावलं नव्हतं. तंबोराही नव्हता. उजवा हात जागेवर ठेवला. मधला सा धरला. आठपर्यंत फुलवला, आठपर्यंत मिटवला.

मी हॉर्न खाली घेतला आणि थांबले. सवयीनं थांबले. कोणाचा शब्द येईल म्हणून वाट पाहत होते ते माझं मलाच दोन-तीन क्षणांनी कळलं.

सर पुढं वाकून हळूच म्हणाले, "ताई, आता धून होऊन जाऊ द्या."

मी म्हणाले, "दादानं एवढंच शिकवलं."

कोणीतरी खोकलं. मागच्या रांगेतून कलाबाईचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"मंग तेच वाजव ना बाई. पुन्हा."

मी पुन्हा वाजवला. या वेळी डोळे उघडे ठेवून, तुझ्या फोटोकडं पाहत. सूर जागेवरून हलला नाही. मला समजलं तो बरोबर होता. तुझ्याकडून ऐकायचं होतं. फोटोतला तू गप्प होतास. ते तुला आधीपासून जमत होतं.